मशीन सुरू होण्याआधीच मोडलेले बोल्ट : उद्यमबागेतलं एक प्रकरण

शनिवारी सकाळी पावणेआठला फोन आला. "सर, जरा येऊन जावा की. बोल्टची मुंडकी खाली पडल्यात."

बेळगावचा जुलै. चार दिवस पावसाने उसंत दिली नव्हती. उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतल्या त्या शेडमध्ये पोहोचलो तेव्हा पत्र्यावर पाऊस वाजत होता आणि मधोमध नवीकोरी हायड्रॉलिक प्रेस उभी होती. कोकणातल्या एका गिऱ्हाइकासाठी बांधलेली, नारळाच्या काथ्याचा भुसा दाबून त्याच्या विटा करणारी. शुक्रवारी संध्याकाळी सिलिंडरच्या फ्लँजचे, म्हणजे जोडाच्या रुंद कडेचे, चोवीस बोल्ट टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराला आवळायच्या पान्याने) आवळले, रंगाचा शेवटचा हात मारला आणि माणसं घरी गेली. सोमवारी गाडी आंबोली घाटाने खाली उतरायची होती. सकाळी झाडायला आलेल्या बाईंना फ्लँजखाली सहा मुंडकी सापडली. वॉचमनमामा म्हणाले, रात्री दोनेकदा 'टक्' असा आवाज आला होता. त्यांना वाटलं, पत्र्यावर फांदी पडली असेल.

मशीनची मोटर तोवर एकदाही चालू केलेली नव्हती. पुढचा सगळा शोध या एका गोष्टीवर उभा राहिला.

मी हीट ट्रीटमेंटच्या, म्हणजे पोलाद तापवून-थंड करून त्याला हवा तसा कठीणपणा द्यायच्या धंद्यात आहे. मला बोलावलं ते मालकांना बोल्टच्या हीट ट्रीटमेंटची शंका आली म्हणून. त्याआधी मात्र संशय फिटरवर घेऊन झाला होता. खानापूरकडचा तेवीस-चोवीस वर्षांचा पोरगा, भिंतीला टेकून गप्प उभा होता. "जास्त आवळला असणार यानं," असं दोघातिघांनी माझ्यादेखत म्हटलं. त्याने मान वर केली नाही. हे प्रकरण मी सविस्तर लिहितोय त्याचं एक कारण तो पोरगा आहे. आपल्याकडे काही मोडलं की आधी हात बघतात, माल नंतर.

बोल्ट कोणते, आणि पांढरे का

बोल्ट होते एम १६ चे, म्हणजे १६ मिलिमीटर जाडीचे, १२.९ ग्रेडचे अ‍ॅलन बोल्ट (मुंडक्यात षटकोनी खाच असलेले). ग्रेडमधला पहिला आकडा ताणशक्ती सांगतो, १२ म्हणजे साधारण १२०० मेगापास्कल. दुसरा सांगतो की त्याच्या ९० टक्क्यांपर्यंत ताण गेला तरी बोल्ट कायमचा लांबत नाही. बाजारात सहज मिळणाऱ्या बोल्टांत याच्यावरचा ग्रेड नाही. नीट आवळलेल्या एम १६ च्या अशा एका बोल्टावर अकरा-बारा टनांचा ताण बसतो. मध्यम आकाराची भरलेली ट्रक अंगठ्याएवढ्या सळईला टांगलेली आहे असं समजा. आणि ती मशीन बंद असतानाही टांगलेलीच असते.

हे बोल्ट बाजारात काळे मिळतात, वर तेलाचा हलका हात. इथले मात्र चांदीसारखे चमकत होते. गेल्या वर्षी याच गिऱ्हाइकाकडे गेलेल्या मशीनचे काळे बोल्ट एका पावसाळ्यात तांबडे झाले होते. खारी हवा, वरून ओला काथ्या, दुसरं काय होणार? त्यांनी फोटो पाठवले, तक्रार केली. मालक भला माणूस. यंदा त्यांनी अडीचशे बोल्ट प्लेटिंगला पाठवले, झिंक चढवून घ्यायला. त्यातही बोल्टांचं खोकं गोडाऊनच्या ओल्या कोपऱ्यात पडून होतं आणि बोल्टांना आधीच गंज धरला होता. प्लेटिंगवाल्यांनी गंज उतरेपर्यंत ते आम्लात ठेवले. नेहमीपेक्षा जास्त वेळ, कारण गंज जास्त होता.

प्रत्येकाने आपापल्या परीने काम चांगलंच केलं होतं. चुकलेलं होतं ते या सगळ्यांच्या मधल्या जागेत.

गुळाची ढेप

मोडलेली जागा मी खिशातल्या दहापट भिंगाखाली धरली. सहाच्या सहा बोल्ट मुंडक्याच्या बरोबर खाली, जिथे दांडा मुंडक्याला मिळतो त्या कोपऱ्यात मोडले होते. ताण तिथेच सगळ्यात जास्त साठतो. पण मला बघायचं होतं ते मोडीचं तोंड.

जास्त आवळून तुटलेला बोल्ट आधी लांबतो. मोडायच्या जागी बारीक होतो, माती ओढल्यासारखा, आणि मोड मऊसर, तंतुमय, मळकट राखाडी दिसते. शिवाय तो आवळणाऱ्याच्या हातातच तुटतो, पाना हिसका देतो. रात्री एक वाजता आपला आपण तुटत नाही. इथे बोल्ट कुठेही बारीक झाला नव्हता. दोन तुकडे जोडून धरले तर सांधा दिसू नये इतकी स्वच्छ मोड. आणि तोंडावर बारीक बारीक चकाकते कण. संकेश्वर-निपाणीकडच्या माणसाला पटकन समजेल असं सांगायचं तर, ताजी गुळाची ढेप फोडल्यावर आत जशी रवाळ, चमचमणारी बाजू दिसते, तशी. याचा अर्थ पोलाद ओढलं जाऊन फाटलेलं नाही, त्याचे कण एकमेकांपासून सुटलेत. पोलाद असंख्य सूक्ष्म कणांचं बनलेलं असतं आणि तडा त्या कणांच्या सांध्यासांध्यातून गेला होता.

पोराला जवळ बोलावलं, भिंग त्याच्या हातात दिलं. "बघ. हे तू केलेलं नाहीस." त्याने बराच वेळ बघितलं आणि मग पहिल्यांदा बोलला, "सर, मग कुणी केलं?"

उरलेल्या शंका झटपट मिटल्या. धातूच्या थकव्याने, म्हणजे ताण पुन्हा पुन्हा येऊन-जाऊन तुटायला मशीन चालावी लागते. ती चालली नव्हती. बोल्ट बनावट असतील म्हणून एक कापून कठीणपणा मोजला. रॉकवेल सी मापावर ४१ आला. १२.९ साठी ३९ ते ४४ चालतो. माल अस्सल होता, हीट ट्रीटमेंटही बरोबर होती. उरली एकच गोष्ट, जी ताण बसल्यावर काही तास थांबते आणि मग मोडते. हायड्रोजन.

चमचाभर वायू

हायड्रोजन म्हटलं की आपल्याला बॉम्ब आठवतो, नाहीतर हल्ली हरित इंधन. बोल्टाशी त्याचा काय संबंध, हे मालकांनी मला अगदी अविश्वासाने विचारलं. समजावताना मी वर्कशॉपच्या पाटीवर खडूने लिहिलं ते असं.

लोखंड हायड्रोक्लोरिक आम्लात बुडवलं की लोखंडाचा क्षार होतो आणि हायड्रोजन सुटतो. पिकलिंगच्या, म्हणजे आम्लाने गंज उतरवायच्या टाकीत बुडबुडे दिसतात ते त्याचेच. पुढे झिंकच्या टाकीत वीज सोडली की बोल्टाच्या अंगावर जस्त बसतं, आणि त्याच वेळी थोडी वीज पाण्यातून हायड्रोजन सोडवण्यातही खर्च होते. म्हणजे बोल्टाला दोनदा हायड्रोजनची आंघोळ.

बुडबुडा हा हायड्रोजनच्या अणूंच्या जोड्यांचा बनलेला असतो. ती जोडी पोलादात शिरू शकत नाही. पण जोडी जमण्याआधी क्षणभर अणू एकटा असतो, पोलादाच्या पृष्ठभागाला चिकटलेला. आणि हा अगदी लहान अणू, विश्वातला सगळ्यात साधा. एक प्रोटॉन, एक इलेक्ट्रॉन, बस्स. लोखंडाचे अणू एकमेकांना खेटून रचलेले असले तरी त्यांच्यामधल्या फटीतून हा आत सरकतो. साध्या खोलीच्या तापमानालाही तो पोलादात हिंडत राहतो; कार्बनला तसं हिंडायला शेकडो अंश तापमान लागतं. जो हायड्रोजन बुडबुडा होऊन वर गेला तो दिसतो, आणि शेडला वर झरोके असले तर निरुपद्रवी असतो. हवेपेक्षा चौदापट हलका, छताकडे पळणारच. (झरोके नसले तर गोष्ट वेगळी. हवेत ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत कुठल्याही प्रमाणात तो पेट घेतो, आणि त्याची ज्योत दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही. प्लेटिंगच्या नाहीतर बॅटरी चार्जिंगच्या खोलीत विडी का ओढायची नाही, ते यासाठी.) आपलं नुकसान करतो तो बुडबुडा न झालेला हायड्रोजन.

किती पुरतो? दहा लाख भागांत एक-दोन भाग. मालकांना वाटलं मी वाढवून सांगतोय, म्हणून हिशेब मांडला. बोल्ट शंभर ग्रॅमचा धरला तर दहा लाखांत दोन भाग म्हणजे ०.२ मिलिग्रॅम हायड्रोजन. वायू म्हणून बाहेर काढून मोजला तर अडीच मिलिलिटरही भरत नाही. अर्धा चहाचा चमचा. एवढ्याने अकरा टन पेलणारं पोलाद मोडतं.

आता तो रात्रभर का थांबतो? बोल्ट खोक्यात पडलेला असतो तेव्हा हायड्रोजन त्याच्यात सगळीकडे विखुरलेला असतो, कुणाला त्रास नसतो. बोल्ट आवळला की मुंडक्याखालच्या कोपऱ्यात पोलादाची जाळी किंचित ताणली जाते, फटी रुंदावतात. हायड्रोजनला तिथे जास्त जागा मिळते, म्हणून तो हळूहळू तिकडे गोळा होऊ लागतो. या चालीला वेळ लागतो, काही तास, कधी एक-दोन दिवस. पुरेसा जमला की कणांचा सांधा सुटतो, तडा थोडा पुढे जातो. तड्याच्या टोकाशी नवा ताण, तिथे पुन्हा हायड्रोजनची गर्दी, पुन्हा तडा. शेवटी उरलेली जागा एवढा ताण पेलू शकत नाही, आणि टक्. हायड्रोजन नेमका सांध्याची पकड सैल करतो की कणांच्या आतली घसरण सोपी करतो, यावर धातुशास्त्रज्ञांमध्ये अजून वाद आहे. बोल्टाला त्याने फरक पडत नाही.

हीच गोष्ट मऊ बोल्टाला बाधत नाही, हे मात्र नीट समजून घ्यायला हवं. ८.८ ग्रेडचे झिंक चढवलेले बोल्ट आपण वर्षानुवर्षं वापरतो, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीपासून घराच्या शेडपर्यंत. कधी रात्रीत मुंडकी पडली नाहीत. ते पोलाद ताण आला की जरा सैलावतं, वाकतं, सांभाळून घेतं. कठीणपणा ३९ च्या वर गेला की पोलादाची ती सवय जाते. म्हणून जास्त पैसे देऊन घेतलेला जास्त 'मजबूत' बोल्टच इथे आधी मोडतो.

शोध काही नवा नाही. १८७५ साली डब्ल्यू. एच. जॉन्सन यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे हेच मांडलं होतं: लोखंडाची तार काही मिनिटं आम्लात बुडवली की तिचा चिवटपणा जातो, मोडीचं तोंड ओलं केलं तर त्यातून बारीक बुडबुडे फेसाळतात, आणि तार काही दिवस तशीच ठेवली किंवा गरम केली तर तिचा चिवटपणा परत येतो. दीडशे वर्षं झाली. आणि उद्यमबागच कशाला, सॅन फ्रान्सिस्कोच्या बे ब्रिजवर मार्च २०१३ मध्ये नेमकं हेच झालं. ९६ जाडजूड अँकर रॉड (जखडून धरणाऱ्या पोलादी सळ्या) ताणले, त्यातले ३२ काही दिवसांतच मोडले. रॉड २००८ पासून पावसाचं पाणी साचलेल्या भोकांत उभे होते, आणि ठपका हायड्रोजनवरच आला.

तीन ओळी

मला माझं म्हणणं सिद्ध करायचं होतं, कारण नुसत्या बोलण्यावर तो पोरगा सुटला नसता. एक जाड प्लेट घेतली, आटे पाडलेली. तीन ओळी, प्रत्येकीत चार बोल्ट. पहिल्या ओळीत त्याच लॉटचे काळे, जे प्लेटिंगला गेलेच नव्हते. दुसऱ्या ओळीत झिंकचे, जसे आले तसे. तिसऱ्या ओळीत झिंकचेच, पण आमच्या भट्टीत २०० अंशाला रात्रभर भाजलेले. बाराही बोल्ट त्याच पोराच्या हातून, त्याच पान्याने, त्याच टॉर्कला आवळून घेतले. प्लेट माझ्या ऑफिसात टेबलाखाली ठेवली. अशा चाचणीचा ठरलेला काळ ४८ तास.

आवळल्यानंतर सहाव्या तासाला मी चहा घेत होतो आणि पायाशी आवाज झाला. तो आवाज एकदा ऐकला की विसरत नाही. सुपारी अडकित्त्यात फुटावी तसा, कोरडा. दुसऱ्या ओळीतलं एक मुंडकं उडून टेबलाच्या पायाला लागलं होतं. पहाटेपर्यंत त्याच ओळीतलं आणखी एक गेलं. काळे चार आणि भाजलेले चार ४८ तासांनीही जागच्या जागी होते.

मालकांनी प्लेट बघितली आणि पोराच्या खांद्यावर हात ठेवला. बोलले काही नाहीत.

भाजलेले टिकले, मग उरलेले झिंकचे बोल्ट भाजून वापरूया की, असं लगेच विचारणं झालं. मी ठाम नाही म्हटलं. भाजणं, म्हणजे बेकिंग, हा उपाय खरा आहे. १९० ते २२० अंशाला काही तास ठेवलं की हायड्रोजन हालचाल करतो, काही जस्तातून बाहेर पडतो, काही पोलादातच निरुपद्रवी जागी अडकून बसतो. बोल्टाचं टेंपरिंग, म्हणजे कठीण केल्यावर पुन्हा तापवून चिवटपणा आणणं, याच्या बऱ्याच वरच्या तापमानाला झालेलं असतं, त्यामुळे त्याची ताकद कमी होत नाही. पण बेकिंग प्लेटिंगनंतर लगेच व्हावं लागतं, शक्यतो चार तासांच्या आत, आणि कठीणपणाप्रमाणे चार तासांपासून चोवीस तासांपर्यंत. आत एखादा सूक्ष्म तडा आधीच पडला असेल तर भाजून तो सांधत नाही. हे बोल्ट प्लेटिंग होऊन आठ दिवस पडून होते. चार टिकले म्हणून दोनशे टिकतील असं म्हणायची माझी तयारी नव्हती, आणि त्या प्रेसपुढे कोकणातली बाईमाणसं काम करणार होती. सगळे बोल्ट भंगारात गेले. मशीनवरचे न मोडलेले अठराही, एकेक जपून सैल करून, समोर कुणी न थांबता.

चलनावरचा एक आकडा

प्लेटिंगवाल्या अण्णांकडे मी मालकांना घेऊन गेलो. भांडण होणार असं वाटलं होतं. अण्णा कन्नड-मराठी मिसळून बोलतात, आणि तीस वर्षं त्या आम्लाच्या वाफेत काढलेली आहेत. त्यांनी चलन काढून पुढे ठेवलं. त्यावर लिहिलं होतं: एम १६ अ‍ॅलन बोल्ट, २५० नग, झिंक.

"ग्रेड कुठं लिवलाय?" अण्णांनी विचारलं. "८.८ आहे का १२.९, मला काय बघून कळतंय? मुंडक्यावर आकडा असतोय, खरं. पण बॅरलमध्ये घमेल्यानं ओततो आम्ही."

मला अण्णांचं पटलं, आणि तिथेच मी तसं म्हटलं. चूक मालकांच्या बाजूची होती. प्लेटिंगवाल्याला भाव विचारला जातो, रंग विचारला जातो, कधी देणार ते विचारलं जातं. पोलाद कोणतं हे त्याला कुणी सांगत नाही. मग १२.९ चा बोल्ट आणि गेटचा कडीकोयंडा एकाच टाकीतून जातात.

अण्णांकडे सुकवायची भट्टी होती, ऐंशी अंशांची. तिचा यासाठी उपयोग नाही. शेवटी असं ठरलं की १०.९ आणि त्यावरचा माल असेल तर चलनावर ग्रेड लाल शाईने, मराठीत आणि कन्नडमध्ये. आम्लात कमीत कमी वेळ. गंज असेल तर तो आधी शॉट ब्लास्टिंगने, म्हणजे बारीक पोलादी छऱ्यांचा मारा करून काढायचा. झिंक झालं की ट्रे तासाभरात स्कूटरवरून माझ्या भट्टीत, आणि बेकिंग झाल्यावर पिवळ्या पॅसिव्हेशनसाठी, म्हणजे जस्तावर संरक्षक थर द्यायला, परत अण्णांकडे. क्रम उलटा करून चालत नाही, कारण पॅसिव्हेशनचा थर दोनशे अंशाला टिकत नाही. १२.९ चे बोल्ट मात्र विजेच्या प्लेटिंगला पाठवायचेच नाहीत, असं मी लिहून दिलं. त्यांच्यासाठी झिंक-फ्लेकचा लेप असतो. जस्ताच्या सूक्ष्म पापुद्र्यांचा रंगासारखा लेप, वरून भट्टीत भाजलेला. त्यात वीज नाही, आणि सफाई ब्लास्टिंगने केली तर आम्लही नाही. महाग पडतो. मालकांनी तक्रार केली नाही.

निघताना अण्णांनी एक प्रश्न विचारला, जो माझ्या डोक्यात अजून आहे. "सर, सरकार म्हणतंय आता गाड्या हायड्रोजनवर चालणार. मग ते पाइप, ती टाकी मोडत नाहीत?"

इतका अचूक प्रश्न मला कुठल्या इंजिनिअरनेही विचारला नव्हता. केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशन मंजूर केलं, १९,७४४ कोटी रुपयांचं. त्यात २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन हरित हायड्रोजन तयार करायचं उद्दिष्ट ठेवलं होतं. तो साठवायचा, वाहायचा तर त्याच्या प्रत्येक पाइपपुढे, व्हॉल्व्हपुढे, बोल्टपुढे हाच प्रश्न आहे. म्हणून हायड्रोजनच्या पोलादी सिलिंडरसाठी मुद्दाम कमी कठीण पोलाद घेतात, जाडी वाढवतात. गाडीतल्या नव्या टाक्यांना आतून प्लास्टिकचं अस्तर आणि बाहेरून कार्बन तंतूंचं वेटोळं असतं. तोवरही हायड्रोजन आपल्याकडे काही पाहुणा नव्हता. चिकोडीकडच्या उसाला पडणारा युरिया अमोनियापासून होतो, आणि अमोनिया हायड्रोजन व हवेतल्या नायट्रोजनपासून. वनस्पती तूप घट्ट होतं तेही तेलात निकेलच्या साहाय्याने हायड्रोजन घालूनच. चांद्रयान-३ नेणाऱ्या रॉकेटच्या वरच्या टप्प्यात उणे २५३ अंशांना द्रव केलेला हायड्रोजन होता. सगळीकडे तोच हलका, लहान, कुठूनही निसटणारा अणू. अण्णांना मी म्हटलं, "मोडतात अण्णा, जपलं नाही तर. तुम्ही जे आता करणार तेच त्यांनाही करावं लागतं." ते हसले आणि ट्रेकडे वळले.

प्रेस सोमवारी गेली नाही. नव्या खोक्यातले १२.९ चे काळे बोल्ट आणले, त्यांना ग्रीस लावून वरून रबरी टोप्या बसवायचं ठरलं. कोकणात तेवढ्याने दोन-तीन पावसाळे निघतील, वर्षातून एकदा उघडून बघायचं. मंगळवारी संध्याकाळी त्याच पोराने चोवीस बोल्ट आवळले. मग त्याने आपणहून फ्लँजखालची फरशी पुसली, जुन्या वर्तमानपत्राची चार पानं पसरली आणि कोपऱ्यांवर नट ठेवले. वॉचमनमामांना सांगून ठेवलं, आवाज आला तर वेळ लिहून ठेवा.

गुरुवारी संध्याकाळी ४८ तास भरले. पानांवर ग्रीसचा एक ठिपका होता, बाकी काही नव्हतं. पोराने टोप्या बसवल्या, पानं गोळा केली आणि पहिल्यांदा मोटरचं बटण दाबलं.